अंधेरी ते घाटकोपर: ३४० की मेट्रो?

मुंबईच्या लोकल उत्तर-दक्षिण धावतात. आडवं जायचं म्हटलं की खरी परीक्षा. ८ जून २०१४ ला मेट्रो सुरू होईपर्यंत अंधेरी-घाटकोपरसाठी बेस्टच्या ३४० नंबरवरच भिस्त होती.

वेळेत मेट्रोच जिंकते, त्यात वादच नाही. वर्सोवा ते घाटकोपर ११.४ किलोमीटर, १२ स्थानकं, साधारण एकवीस मिनिटं. बस मात्र साकीनाक्याला अडकली की अडकलीच. शिवाय मरोळ नाक्याला आता भुयारी मेट्रोही मिळते.

पण मधल्याच थांब्यावर उतरायचं असेल, तर मी आजही बसच धरते. जिना नाही, तपासणी नाही, थेट फुटपाथवर पाय. गुडघे दुखणाऱ्या माझ्या आईला हे फार मोलाचं. ती दांडा धरून चढते, कंडक्टर ‘आजी, सावकाश’ म्हणत बेल वाजवायचा थांबतो, कुणीतरी खिडकीची जागा देतं. असल्फ्याच्या डोंगरावरची रंगीत घरं मेट्रोतून छान दिसतात. त्या घरांतली माणसं मात्र पिशव्या सांभाळत बसमध्ये शेजारी बसतात.

ऑफिसची घाई असेल तर मेट्रो. आई सोबत असेल तर ३४०, अर्धा तास हाताशी ठेवून.