जुनी ८०० घ्यायची तं कार्ब्युरेटरवाली का एमपीएफआय?

मावसभावानं परवा दोन गाड्यांचे फोटो पाठवले, दोन्ही मारुती ८००, एक १९९७ ची कार्ब्युरेटरवाली (इंजिनच्या हवेच्या ओढीनं पेट्रोल मिसळणारी) अन् दुसरी २००४ ची एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हिशोबानं पेट्रोल फवारणारी), अन् खाली लिहिलं दादा कोणती घेऊ, काम तं मी घरीच करणार आहो. दोन्ही प्रकारच्या गाड्या माझ्या आंगणात नांदून गेल्या म्हणून इथंच सविस्तर लिहून टाकतो, अजून कोणाच्या कामी पडन.

इंजिन दोन्हीत तेच, ७९६ सीसी, तीन सिलेंडर. क्लच, ब्रेक, सस्पेन्शन यात फार फरक नाई, सामान दारव्हा-दिग्रसलेही भेटते, नाई तं यवतमाळहून एसटीच्या पार्सलनं दुसऱ्या दिवशी येते. खरा फरक पेट्रोल इंजिनपर्यंत जाते कसं, एवढाच.

कार्ब्युरेटरवालीचा पहिला गुण म्हणजे ती आजारी पडायच्या आधी कुरकुर करते. स्लोले (रेस न देता इंजिन हळू फिरते तेव्हा) बंद पडू लागली, चोक (थंड इंजिनले जास्त पेट्रोल देणारा खटका) ओढल्याशिवाय चालू होत नाई, पेट्रोलचा वास येते, म्हणजे समजायचं आता खोलावं लागते. चावी ऑन करून कार्ब्युरेटरवरच्या सोलेनॉइडचा (विजेवर चालणारी छोटी झडप) टक् आवाज येते का ते ऐकायचं, येत नसन तं आधी त्याची वायर पाहायची, येत असन अन् तरी स्लो धरत नसन तं बहुतेक स्लोच्या जेटमध्ये (पेट्रोल यायचं बारीक भोक) कचरा. आपल्याकडं पांदणीची धूळ एवढी का एअर फिल्टर जरासा ढिला बसला का कचरा गेलाच. जेटमध्ये तार घालू नका राजेहो, भोक मोठं झालं का मायलेज गेलं, हवा मारायची नाई तं क्लीनर. पाना, पेचकस अन् एक थाळी (स्प्रिंगा हरपतात म्हणून थाळी) एवढ्यावर दुपारभरात काम होते.

पण मे महिना. दोन वर्षांआधी लग्नाहून येत होतो, दुपारचे दोन, पारा ४५ च्या वर, अन् रेल्वे फाटकावर पाच मिनिटं थांबलो तेवढ्यात गाडी बंद. सेल मारला का इंजिन फिरते पण धरत नाई. हिचा पेट्रोल पंप इंजिनलेच चिकटलेला, इंजिन तापलं का नळीतल्या पेट्रोलची वाफ होते अन् पंप वाफ ओढत बसते. डोक्यावरचा दुपट्टा काढला, कॅनमधल्या पाण्यात भिजवून पंपावर अन् नळीवर गुंडाळला, वीस मिनिटं बाभळीखाली बसलो, मंग झाली चालू. संगं बसलेली मायबाई बोलली काही नाई, पण पाहत होती.

त्यात आता पेट्रोलपंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. कार्बवालीचे जुने रबर, डायफ्राम (पातळ पडदे), नळ्या या पेट्रोलसाठी बनलेल्याच नाईत, फुगतात, कडक होतात. गाडी महिना-महिना उभी ठेवली तं इथेनॉल ओल धरते अन् फ्लोटच्या वाटीत (कार्ब्युरेटरमधे पेट्रोल साचते तिथं) चिकट पिवळा गाळ साचते. म्हणून कार्बवाली घ्यायचीच असन तं पहिल्याच दिवशी सगळ्या पेट्रोल नळ्या बदलून टाका, गळकी नळी अन् तापलं इंजिन हा खेळ नाई.

एमपीएफआयचा पंप टाकीतच, पेट्रोल दाबानं पुढं ढकलते, म्हणून वाफेचा तमाशा सहसा होत नाई. चोक नाई, थंडीत पहिल्या सेलमध्ये चालू. पण ही सांगून बिघडत नाई. आज चांगली, उद्या मुकी. माझी एक दिवस आंगणातच मेली, सोयाबीन घरी आणून टाकलेलं तेव्हाची गोष्ट. चावी ऑन केली का मागं टाकीतल्या पंपाचा दोन-तीन सेकंद घूं आवाज यायले पायजे, तो नव्हता. गावातल्या एकानं ‘कॉम्प्युटर गेला’ म्हणून निदान देऊन टाकलं अन् मीही घाबरलो. मंग फ्यूज पाहिला, बरोबर. रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारी डबी) शेजारच्या तशाच रिलेसोबत बदलून पाहिला, तरी नाई. टेस्ट लॅम्प लावत लावत बॅटरीच्या मागं गेलो तं उंदरानं वायर कुरतडलेली, तांबं चकचकीत दिसत होतं. वीतभर वायर अन् टेप, खलास.

म्हणून हिच्यासाठी पान्यांपेक्षा वीज मोजायचं मल्टिमीटर आधी घ्या. अन् ऑनलाइन भेटते तो गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणारा स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर घेऊन पैसे घालवू नका, एवढ्या जुन्या गाडीशी तो बहुतेक बोलतच नाई. रेस आपोआप वरखाली होत असन तं थ्रॉटल बॉडी (इंजिनले हवा सोडणारी झडप) साफ करा, अर्थिंगचे बोल्ट घासून पक्के करा, पुष्कळदा तिथंच भागते. टाकी कोरडी होईपर्यंत चालवायची सवय मात्र सोडा, टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहते, अन् तो जळला तं खर्च कार्बच्या किटपेक्षा कितीतरी जास्त.

कागदपत्रात दोघी सारख्याच. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करा, त्यात वीस वर्षांवरच्या कारची फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० झाली, पर्यावरण कर वेगळा. आरसी कधीपर्यंत आहे ते पाहून भाव करा.

माझं मत विचारसान तं भावासाठी एमपीएफआय. त्याच्या घरी एकच गाडी राहणार, काकूले शुगर आहे, तालुक्याचा दवाखाना तीस किलोमीटर, रात्री दोन वाजता जेट साफ करत बसता येत नाई. घरी दुसरी गाडी असन अन् रविवारी हात काळे करायची हौस असन तं कार्बवाली, शिकायले तिच्यासारखी मास्तरीण नाई. मले स्वतःले अजूनही तीच आवडते, पण म्हणून त्याच्या गळ्यात कायले बांधू.

अन् भाऊ, पाहायले सकाळीच जा अन् जाशीन तेव्हा पहिले बोनेटवर हात ठेव. गरम लागलं, म्हणजे थंड इंजिनचा दोष लपवायले तू यायच्या आधी चालू करून ठेवली, तं चहा पिऊन वापस ये अन् दुसऱ्या दिवशी न सांगता जा.