शेवंतीचा चहा की वैद्याची पुडी?

सिंगापूर-हाँगकाँगला राहायला गेलं की घसा बसल्यावर कुणीतरी सांगतंच, "चिनी काढा घ्या." पण या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी खपतात.

पहिली म्हणजे शेवंती आणि गोजी (छोटी, सुकवलेली लाल फळं) यांचा चहा. काचेच्या ग्लासात सहा-सात सुकी फुलं, चमचाभर गोजी, वरून उकळतं पाणी. पाच मिनिटांत फुलं उमलतात, गोजी टम्म फुगतात, आणि शेवटी त्या चमच्याने खायच्या. हे जवळजवळ खाणंच. फुलं मात्र पांढरीशुभ्र आणि वासाला झोंबणारी असतील तर घेऊ नका, गंधकाची धुरी दिलेली असू शकते. गाजरगवताची अ‍ॅलर्जी असेल तर शेवंती जपूनच, दोन्ही एकाच कुळातल्या. आणि रक्त पातळ करणारी वॉर्फरिन चालू असेल तर गोजी नकोच, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

दुसरी वैद्याची पुडी. दहा-पंधरा मुळ्या, साली, बिया. अर्धा तास भिजवायच्या, मातीच्या भांड्यात उकळायच्या, बहुधा दोनदा. लोखंडाचं भांडं वर्ज्य. हा चहा नव्हे, औषध आहे. त्यातलं ज्येष्ठमध आपल्या घरातलंच, म्हणून निर्धास्त राहू नका: रोज भरपूर आणि बरेच दिवस घेतलं तर पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. 'फूझी' म्हणजे बचनागाच्या जातीचं मूळ, शुद्ध केलेलं. तेही आधी बराच वेळ वेगळं उकळावं लागतं. कच्चं राहिलं तर थेट हृदयावर बेततं. ते कपात टाकून वर गरम पाणी ओतणं म्हणजे जिवाशी खेळ.

त्याहून भयंकर प्रकार म्हणजे अदलाबदल. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत एका वनस्पतीऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया या विषारी वेलीची मुळी गेली आणि शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडं बिघडली. चिनी नावं सारखी, सुकलेले काप दिसायलाही सारखे! म्हणून बाजारातली सुटी, बिननावाची पुडी मी फुकटसुद्धा घेणार नाही.

नुसती चव हवी असेल तर शेवंतीच घ्या, डोळे झाकून नाही पण बिनघोर. दुखण्यावर हवं असेल तर नोंदणीकृत वैद्याकडे जा (सिंगापुरात तशी नोंदणी सक्तीची आहे), चालू गोळ्यांची यादी दाखवा आणि पुडीतल्या प्रत्येक जिनसाचं नाव लिहून मागा. मैत्रिणीला लागू पडलेली पुडी तिलाच राहू द्या. गरोदर असाल किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुडी उघडूही नका.