वीरपत्नीसाठी काय निवडाल: एकटीने समुपदेशन की बायकांचा गट?

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातली मराठी घरं एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. घरातली सून किंवा बहीण लढाईत नवरा गमावून बसली असेल आणि महिनोन्‌महिने सावरत नसेल, तर निर्णय घेताना ही ओळखपाळख आधी ध्यानात घ्या. गटात बोललेलं मामेसासूच्या कानावर जाईल ही भीती खरी असते, आणि ती असेपर्यंत कुणी मोकळं बोलत नाही.

म्हणून मी सुरुवात एकटीने करायला सांगेन. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ पद्धतीत ५ आठवडे, आठवड्याला एकदा, दीड तास बसायचं असतं. समोरची व्यक्ती डॉक्टरच असावी लागत नाही. प्रशिक्षण घेतलेली कार्यकर्तीही चालते. आधी श्वासाचा व्यायाम, मग एक अडचण हातात धरायची. पेन्शन अडलीय, दीर पैशांत ढवळाढवळ करतोय, मुलाची फी थकलीय. यातली सुटण्याजोगी एक निवडायची. ‘पेन्शनचं बघू’ एवढ्यावर भागत नाही. मंगळवारी अकराला, पीपीओची (पेन्शन देण्याच्या आदेशाची) प्रत घेऊन, कुणासोबत बँकेत जायचं इथपर्यंत ठरतं. अंथरुणातून उठवत नाही अशा बाईला याचा फार आधार होतो, कारण मन लागण्याची वाट न बघता काम सुरू होतं.

गटाचं बळ वेगळं. याच पद्धतीचं गटातलं रूप पाकिस्तानच्या स्वात खोऱ्यात, संघर्षाची झळ बसलेल्या स्त्रियांबरोबर वापरून पाहिलं गेलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्यांची चिंता आणि उदासी दोन्ही कमी झालेली दिसली. हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही, हे का लागतं ते समजावून सांगावं लागत नाही अशा बायका इथे भेटतात. वर्षश्राद्धाच्या दिवशी त्यांच्यातलीच कुणी फोन करते. समुपदेशकाच्या भेटी संपतात, या मैत्रिणी राहतात. तेव्हा ती थोडी सावरली की गट जरूर बघा, जमल्यास घरापासून लांबचा. लश्करवालीने ग्वाल्हेरच्याच मुरार भागात जावं.

मरणाचे विचार येत असतील, जेवण-झोप तुटली असेल, तर या दोन्हींच्या आधी मनोविकारतज्ज्ञ. शहरात मानसिक आरोग्यशाळा आहे, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो. गोळ्यांचा गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करू नयेत.

आणि तिला न विचारता सासऱ्यांनी किंवा दिरांनी कुठेही नाव नोंदवू नये. पहिल्या भेटीला सोबत कोण हवं, तेही तिलाच ठरवू द्या.