व्हायरस पकडतं, पण स्कॅनने जीव नकोसा केला: घरच्या कॉम्प्युटरवरच्या पेड अँटीव्हायरसचा रिव्ह्यू

पाचपैकी दोन स्टार. ते दोन स्टार व्हायरस पकडण्याचे, ते काम त्याने नीट केलं, पेनड्राइव्ह लावला की लगेच तपासायचं, भलत्याच साइटवर गेलं की अडवायचं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. बाकीचे तीन कापले ते स्कॅनमुळे. नाव लिहीत नाहीये कारण हेच दुखणं मी नातेवाइकांच्या कॉम्प्युटरवर वेगवेगळ्या कंपन्यांच्या अँटीव्हायरसमध्ये बघितलंय, एकाचं नाव घेऊन बाकीच्यांना सोडण्यात अर्थ नाही. तुमच्याकडे कुठलंही असलं तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

आमच्या घरात एकच डेस्कटॉप आणि तो सगळ्यांचा. माझं ऑफिसचं काम, मुलीचा अभ्यास, सासऱ्यांची बँकेची कामं, सगळं त्याच्यावरच. आठ जीबी रॅम, एसएसडी (नवीन, न फिरणारी वेगवान डिस्क) नाही, जुनी फिरणारी हार्ड डिस्क आणि तिच्यात वर्षानुवर्षं साठलेले फोटो, व्हिडिओ, बॅकअप. अशा मशीनवर फुल स्कॅन, म्हणजे सगळ्या फाइलींची तपासणी, सुरू झालं की काय होतं ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. माउस हलतो पण क्लिक केलेलं उघडत नाही, टाइप केलेली अक्षरं थांबून थांबून एकदम उमटतात, ब्राउझर पांढरा पडतो आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं. सासरे बँकेच्या साइटवर असले की हमखास ऐकू यायचं, "अगं, ओटीपी टाकला पण पान पुढे जातच नाही." आणि पान पुढे जाईपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असायची, मग परत पहिल्यापासून. पासष्टी ओलांडलेल्या माणसाला आधीच ऑनलाइन बँकिंगची धास्ती असते, त्यात हे झालं की त्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, पैसे गेले की काय. मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा आला.

आता हे नेमकं कामाच्या वेळीच का सुरू व्हायचं, ते शोधायला मला बराच वेळ लागला. शेड्यूल उघडून बघितलं तर स्कॅनची वेळ पहाटेची ठेवलेली. ऐकायला छान, पण घरचा कॉम्प्युटर पहाटे चालू कोण ठेवतं? आपण झोपायच्या आधी बंद करतो. मग ते स्कॅन चुकतं, आणि चुकलेलं स्कॅन भरून काढायची एक सोय असते, ती आपोआप चालू असते, त्यामुळे सकाळी कॉम्प्युटर चालू केला रे केला की राहिलेलं स्कॅन लगेच सुरू. त्याच वेळी विंडोज अपडेट शोधत असतं, क्लाउडवाला ड्राइव्ह सिंक करत असतो, ब्राउझर आपले टॅब उघडत असतो. सगळे एकाच डिस्कवर तुटून पडतात. म्हणजे जी सोय सुरक्षेसाठी आहे तीच घरच्या माणसाला सगळ्यात जास्त छळते, कारण ती बनवताना रात्रंदिवस चालू असणारी मशीनं डोळ्यासमोर असणार, आमच्यासारखी घरं नाहीत.

कॉम्प्युटरमध्ये कोण किती काम करतंय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून बघा एकदा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की उघडतो. आमच्याकडे स्कॅन चालू असताना डिस्कच्या रकान्यात १०० टक्के, लालभडक. पण त्याच ओळीत वाचण्याचा स्पीड बघितला तर सेकंदाला जेमतेम दोन-तीन एमबी! मी चक्रावलेच, डिस्क पूर्ण कामात आहे म्हणते आणि काम तर काहीच दिसत नाही. कारण असं की फिरणाऱ्या डिस्कला प्रत्येक फाइलसाठी आतला हात त्या जागेवर न्यावा लागतो आणि त्या एका फेरीला साधारण १० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला शंभरेक जागा, त्याच्या फार पलीकडे नाही. एकच मोठा व्हिडिओ सलग वाचायचा असेल तर हीच डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या पुढेही जाते, पण विंडोजमध्ये लाखो बारक्या फाइली असतात आणि फुल स्कॅन म्हणजे त्या एकेक करून उघडणं. त्यात मध्ये आपण वर्ड उघडायला गेलो की तोच हात आपल्यासाठी पण धावणार. एसएसडीत असा हातच नसतो म्हणून तिथे स्कॅनचा त्रास खूप कमी जाणवतो. ज्यांचं मशीन जुनं आहे त्यांनी नवा कॉम्प्युटर घ्यायच्या आधी नुसती डिस्क बदलून बघा, पुष्कळ फरक पडतो.

दुसरी चीड प्रोग्रेस बारची. भराभर ९० टक्के होतो, मग ९९ वर येऊन बसतो तो बसतोच. खाली फाइलचं नाव येतं तिकडे लक्ष ठेवलं तेव्हा कळलं की तो एका जुन्या फोनच्या बॅकअपच्या झिप फाइलमध्ये शिरलाय, तिच्या आत अजून झिप, त्यात पुन्हा हजारो फोटो. बाहेरून एकच फाइल दिसत होती म्हणून टक्केवारीत ती एकच धरली असणार, आत गेल्यावर खरा पसारा कळला. बरं, लागेना का वेळ, पण तसं सांगा ना! "मोठी झिप तपासतोय, वेळ लागेल, वगळू का?" एवढं विचारलं असतं तरी माणूस शांत बसला असता. त्याऐवजी ९९ टक्के दाखवून ताटकळत ठेवायचं, आणि कंटाळून कॅन्सल केलं की पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून. चांगल्या अँटीव्हायरसमध्ये आधी तपासलेल्या आणि न बदललेल्या फाइली लक्षात ठेवून वगळतात, त्यामुळे दुसरं स्कॅन पहिल्यापेक्षा लवकर होतं. आमच्याकडे प्रत्येक वेळी तेवढाच वेळ लागत होता.

आणि एवढं सोसून शेवटी रिपोर्ट काय, तर लाल अक्षरात ‘थ्रेट्स सापडले’. धस्सकन झालं. उघडून बघितलं तर सगळ्या ट्रॅकिंग कुकीज. कुकी म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, जाहिरातवाले तिच्यावरून आपला माग ठेवतात हे खरं, पण तो व्हायरस नाही, फाइली खराब करत नाही, पासवर्ड पळवत नाही. तिला व्हायरसच्या रांगेत बसवून आकडा फुगवायचा हे मला अजिबात पटलेलं नाही. घाबरलेला माणूस मग खालचं हिरवं बटण दाबतो, आणि ते बटण महागड्या प्लॅनकडे जातं. त्याच्या जोडीला पॉपअप, की तुमचा पीसी स्लो झालाय, क्लीनर घ्या. पीसी तुमच्याच स्कॅनने स्लो केलाय, आणि त्याच्यावरचा उपाय पण तुम्हीच विकणार, हा सरळसरळ अन्याय आहे. पैसे भरलेल्या ग्राहकाला जाहिरात दिसताच कामा नये.

कस्टमर सपोर्टशी चॅट केलं. माणूस सौजन्याने बोलला, पण आधी ‘काढून परत टाका’ आणि मग ‘वरचा प्लॅन घ्या’ याच्यापुढे गाडी गेली नाही. स्कॅनचा वेग कमी करायचं सेटिंग आहे का असं स्पष्ट विचारलं तरी उत्तर नाही. ते सेटिंग होतं! सेटिंग्जमध्ये, ॲडव्हान्स्डमध्ये, परफॉर्मन्स नावाच्या टॅबच्या सगळ्यात खाली, ‘कमी प्रायॉरिटीने चालवा’. मलाच सापडलं. ते टिक केल्यावर सुधारणा झाली, तेही प्रामाणिकपणे लिहिते.

ज्यांना अँटीव्हायरस बदलायचा नाहीये त्यांनी पहिल्यांदा वेळ बदला. कॉम्प्युटर चालू असतो पण त्याच्यासमोर कोणी नसतं अशी वेळ घरात असतेच, ती द्या, आणि चुकलेलं स्कॅन कॉम्प्युटर सुरू होताच करायची टिक काढा. आठवड्याला क्विक स्कॅन पुरतं. क्विक स्कॅन मेमरी, स्टार्टअप, रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) ठरावीक जागा, सिस्टिम फोल्डर, म्हणजे व्हायरस सहसा जिथून सुरू होतो त्या जागा बघतं आणि लवकर आटपतं. फुल स्कॅन रोज लावण्यात काही हशील नाही, कारण रिअल टाइम प्रोटेक्शन चालू असेल तर प्रत्येक फाइल उघडताना तपासली जातेच. काही संशय आला, नाहीतर नवीन अँटीव्हायरस टाकला, की एकदा सावकाश फुल स्कॅन करा.

रिअल टाइम खरंच चालू आहे का हे बघायचं असेल तर आयकार नावाची चाचणी फाइल मिळते, ६८ अक्षरांची नुसती एक ओळ, तिच्यात व्हायरस नसतो पण सगळ्या अँटीव्हायरसनी तिला पकडायचं असं ठरलेलं आहे. नोटपॅडमध्ये ती ओळ टाकून सेव्ह केली की लगेच आरडाओरडा झाला पाहिजे. आमच्याकडे झाला, म्हणून तर दोन स्टार दिलेत.

एक्सक्लूजनबद्दल मात्र जपून. फोटोंचं जुनं फोल्डर किंवा बॅकअप स्कॅनमधून वगळता येतं, पण डाउनलोड्स आणि टेम्प (तात्पुरत्या फाइलींचं) फोल्डर कधीच वगळू नका, घाण तिथूनच येते. आणि काही सापडलं तर आपोआप डिलीट करायचं सेटिंग असेल तर ते काढून क्वारंटाइन, म्हणजे फाइल न पुसता वेगळी कोंडून ठेवणं, हे सेटिंग करा. चुकीची फाइल पकडली जाणं ही कल्पनेतली गोष्ट नाही, २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफी या अँटीव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची सिस्टिम फाइलच व्हायरस समजून पकडली होती आणि कितीतरी कॉम्प्युटर परत परत रीस्टार्ट होत बसले होते. आमच्याकडे प्रिंटरचा जुना सेटअप असाच उडाला, क्वारंटाइनमध्ये असता तर एका क्लिकवर परत मिळाला असता.

या सगळ्या त्रासाचा अजून एक परिणाम, जो मला जास्त गंभीर वाटतो. कॉम्प्युटर सतत अडकतोय म्हटल्यावर घरातले विंडोजचे अपडेट पुढे ढकलायला लागले, "आता नको, आधीच स्लो आहे" म्हणून. आणि खरी सुरक्षा तर त्या अपडेटमध्ये आहे. वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस मे २०१७ मध्ये जगभर पसरला, पण ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्या अँटीव्हायरसमुळे माणसं अपडेट टाळायला लागतात त्याने आपल्याला किती सुरक्षित केलं याचा हिशोब कंपनीने पण करावा.

सध्या मी विंडोजमधला डिफेंडर हा अँटीव्हायरसच वापरतेय. विंडोज १० आणि ११ मध्ये तो आतच असतो, दुसरा अँटीव्हायरस टाकला की घरच्या कॉम्प्युटरवर तो आपणहून बाजूला होतो आणि दुसरा काढला की परत चालू होतो. त्याचंही स्कॅन डिस्क खातंच, टास्क मॅनेजरमध्ये ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ नावाने दिसतं ते हेच. पण त्याचं ठरलेलं स्कॅन कॉम्प्युटर रिकामा असतानाच चालवायचं असं मुळातच ठेवलेलं असतं, आणि प्रोसेसर सरासरी किती वापरायचा ती मर्यादा ५० टक्क्यांवर असते, पॉवरशेलमधून (विंडोजला कमांड टाइप करून द्यायची खिडकी) ती कमी पण करता येते. घरात सगळ्यांचं काम भागतंय. सासऱ्यांनी मध्यंतरी स्वतः वीजबिल भरलं, हाक न मारता.

पेडच घ्यायचा असेल तर एव्ही-टेस्ट आणि एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या अँटीव्हायरस तपासणाऱ्या दोन लॅबचे निकाल बघून घ्या. एव्ही-टेस्टमध्ये प्रोटेक्शन, परफॉर्मन्स (कॉम्प्युटर किती स्लो होतो) आणि युजेबिलिटी (उगाच चुकीचं किती पकडतं) यांना प्रत्येकी ६ गुण असतात, बॉक्सवर कंपनी आपल्या सोयीचं बक्षीस छापते, तुम्ही परफॉर्मन्सचा रकाना आधी वाचा. आणि ट्रायल मिळत असेल तर तुमच्या स्वतःच्या मशीनवर एक फुल स्कॅन चालवल्याशिवाय पैसे भरू नका.

काढताना नुसतं अनइन्स्टॉल करून थांबू नका, मागे ड्रायव्हर (विंडोजच्या आत बसवलेले त्याचे छोटे प्रोग्राम) राहतात, बऱ्याच कंपन्यांचं काढण्यासाठी वेगळं टूल असतं ते त्यांच्याच साइटवरून घेऊन चालवा, रीस्टार्ट करा, आणि ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून डिफेंडर चालू झालाय ना ते बघा. आणि अनइन्स्टॉल केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही, ऑटो रिन्यूअल अकाउंटमध्ये जाऊन वेगळं बंद करावं लागतं, नाहीतर पुढच्या वर्षी कार्डवरून पैसे कापले जातील.