युगांडासाठी देणगी: मोठी आंतरराष्ट्रीय संस्था की लंडनमधल्या बागांडांची?

कंपालात नोकरीनिमित्त राहून पुढे ब्रिटनला आलेले आपले लोक हा प्रश्न हमखास विचारतात. तिकडच्या मुलांसाठी दरमहा काही द्यायचं, तर एकेका मुलाचा खर्च उचलायला लावणाऱ्या मोठ्या संस्थेमार्फत द्यावं, की इथल्या बागांडांनी, म्हणजे युगांडातल्या बुगांडा या पारंपरिक राज्याच्या लोकांनी, स्वतः चालवलेल्या छोट्या संस्थेला? मी दोन्हीकडे दिलं आहे. नोंदणी आणि गिफ्ट एड (देणगीवर भरलेला कर संस्थेला मिळण्याची ब्रिटनमधली सोय) दोन्हीकडे आहे, त्यामुळे तो विषय सोडतो.

मोठ्या संस्थेचं काम शिस्तीचं. अहवाल वेळेवर येतो, मुलाचं पत्र येतं, हिशेब चोख. शिवाय तिचं काम देशभर आहे. तुमचा जीव गुलू किंवा म्बारारासारख्या बुगांडाबाहेरच्या गावात गुंतला असेल, तर बागांडांच्या संस्थेचा तुम्हाला फारसा उपयोग नाही.

मला अडलं ते शाळेच्या फाटकाशी. १९९७ पासून तिकडे सरकारी प्राथमिक शिक्षण मोफत असलं तरी अनेक पालक पोटाला चिमटा काढून मुलांना बोर्डिंगला घालतात. तिथे फीबरोबर ‘रिक्वायरमेंट्स’ची यादी हातात पडते: कोऱ्या कागदांचं रीम, टॉयलेट पेपर, झाडू, साबण, साखर, नव्या मुलाला गादीसुद्धा. यादी अपुरी असली की मुलाला परत पाठवणाऱ्या शाळा आहेत. मी जिचा खर्च उचलला होता त्या मुलीची फी वेळेत पोचली होती. तरी फेब्रुवारीत सत्र सुरू झालं तेव्हा ती घरीच होती, कारण रीम आणि झाडू घ्यायला आजीकडे पैसे नव्हते. संस्थेला कळवलं, तर हा खर्च योजनेत बसत नाही आणि परस्पर पैसे पाठवायला परवानगी नाही, असं उत्तर आलं. नियम मुलांच्या सुरक्षिततेसाठी आहे, तो मला पटतो. पण पोरगी घरी बसली ती बसलीच.

बागांडांच्या संस्थेत मला हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. समितीतले बहुतेक जण स्वतः तीच यादी पत्र्याच्या पेटीत भरून शाळेत गेलेले. फेब्रुवारी, मे आणि सप्टेंबरच्या सत्रांआधी ते फी आणि यादी एकत्रच धरतात. बुगांडातल्या मसाका गावाकडची त्यांची माणसं बाजारातून सामान घेतात आणि पावतीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात.

आरोग्याच्या बाबतीतही मला तीच जवळीक दिसली. मी विदर्भातला, सिकलसेलने घरं कशी खचतात ते पाहिलेलं आहे. युगांडातही हा आजार मोठा आहे. काबाकांच्या, म्हणजे बुगांडाच्या राजांच्या, वाढदिवसाच्या दौडीचा निधी काही वर्षं त्यासाठीच दिला गेला. आई-बापांना रक्ततपासणीचा अर्थ त्यांच्या लुगांडा भाषेतून समजावणारं माणूस शिबिरात हवं, हे या संस्थेला आपसूक सुचतं.

संस्कृतीसाठी मोठ्या संस्थेकडे रकानाच नाही. बुगांडाचं राज्य १९६७ मध्ये बरखास्त झालं आणि १९९३ मध्ये परत आलं. कंपालातल्या कासुबी इथल्या त्यांच्या राजसमाध्या २०१० मध्ये जळाल्या. जागतिक वारशाच्या ‘धोक्यातल्या’ यादीतून त्या २०२३ मध्ये बाहेर आल्या. एवढं सोसलेल्या समाजाला मुलांच्या हाती काहीतरी द्यावंसं वाटणारच. राणी नाबागेरेका सिल्व्हिया नागिंडा यांच्या पुढाकाराने २००७ पासून सुट्टीत एकिसाकाते हे मुलांचं संस्कृती-शिबिर भरतं. ही संस्था काही मुलांची तिथली फी भरते. तिथून आलेला एक मुलगा मला आपल्या कुळाचा मुझिरो सांगत होता. हे आपल्या देवकासारखंच: मांबा म्हणजे लंगफिश हा मासा, आणि मांबा कुळातला माणूस तो खात नाही. आजोबांचं, पणजोबांचं नाव त्याने न अडखळता सांगितलं. मोठ्या संस्थेच्या कुठल्याच अहवालात मला हे मिळालं नव्हतं.

उणिवा आहेत. हिशेब उशिरा येतो, बैठका लांबतात आणि शाळा बऱ्याचदा समितीतल्यांच्याच गावच्या निघतात. हे शेवटचं आधी स्पष्ट विचारून घ्या. मला सरळ उत्तर मिळालं होतं. छापील, तपासलेला अहवाल हातात असल्याशिवाय चैन पडत नसेल, तर मोठी संस्थाच बरी, आणि त्यात गैर काही नाही. माझे पैसे मात्र आता छोट्या संस्थेकडे जातात. तुम्हीही तिकडे द्यायचं ठरवलंत, तर जानेवारीच्या मध्यापर्यंत द्या. फेब्रुवारीच्या सत्राचं सामान तेव्हाच घेतलं जातं.