बी.एस्सी. वनशास्त्र : वीस महिन्यांनंतर (वाघ अजून दिसलेला नाही)

प्रवेश घ्यायच्या वेळी मी असं काहीतरी खूप शोधलं होतं आणि सापडलं नव्हतं, म्हणून लिहितेय. राज्यातल्या एका कृषी विद्यापीठात बी.एस्सी. वनशास्त्र करते आहे. चार वर्षं, आठ सेमिस्टर, त्यातलं चौथं आता संपत आलंय. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. अजून दोन वर्षं तिथंच काढायची आहेत.

वाघासाठी येणार असाल तर आधीच सांगते, इथं टेप मिळते. जमिनीपासून १.३७ मीटरवर खोडाचा घेर मोजायचा. झाड उतारावर असेल तर चढाच्या बाजूला उभं राहून. त्या उंचीच्या खालीच ते दुभंगलं असेल तर दोन झाडं धरायची. यात न जमण्यासारखं काय आहे, असं मलाही वाटलं होतं. पहिल्याच प्लॉटमध्ये माझी टेप मागच्या बाजूने तिरकी गेली आणि एका सागाचा घेर मागच्या आठवड्यापेक्षा चार सेंटीमीटर जास्त भरला. सरांनी वहीत बघून विचारलं, "खत कुठलं घातलंस गं?" तेव्हापासून मी झाडाला प्रदक्षिणा घालूनच आकडा लिहिते.

सगळ्यात जास्त मिळालं ते रोपवाटिकेत. सागाचं बी एक आड एक भिजवायचं आणि वाळवायचं, तरी बरंचसं रुसूनच बसतं. जे उगवतं त्याच्या वर्षभरानंतर जड्या करायच्या. रोप उपटायचं, शेंडा दोन बोटं ठेवून छाटायचा, बारीक मुळ्या काढून टाकायच्या. हातात उरतं ते सुकलेल्या गाजरासारखं काहीतरी. हे जगणार यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. पाऊस लागल्यावर पहारीने भोकं पाडून त्या पुरल्या आणि थोड्याच दिवसांत त्या काटकीला लालसर कोंब फुटला. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो, ते तिथल्या मावशींनी दाखवलं. आम्हाला तो भाग तासाला पुढच्या सेमिस्टरमध्ये आला.

आता तक्रारी. चाळीस जणांत चालणारे जीपीएस तीन. पावसाळ्यात हर्बेरियमच्या (दाबून वाळवलेल्या झाडपाल्याच्या संग्रहाच्या) कागदांना बुरशी, पंखा लावा म्हटलं तर लाईट नाही. आणि इंग्रजी. माझ्यासोबतची दोन-तीन मुलं जंगलालगतच्या गावांतून आलीत. ऐन, धावडा, मोई लांबून ओळखतात, पण पेपरात लॅटिन नावाचं स्पेलिंग चुकलं की मार्क गेले. मला स्पेलिंग येतं, पण सालीवरून झाड ओळखायला मी त्यांनाच विचारते. मेसबद्दल लिहीत नाही.

सहलीत मेंढा (लेखा) हे गाव झालं, गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात. वर्गात आम्ही शिकलो होतो की बांबू हे गवत. पण १९२७ च्या वन कायद्याने त्याला झाडांत धरलं होतं (म्हणजे ताबा वनखात्याचा), आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजात (म्हणजे गावाने गोळा करून विकायच्या वस्तूंत). हे परीक्षेला येतं, आम्ही पाठ केलं होतं. तिथं गेल्यावर कळलं की या तीन व्याख्यांमध्ये एक अख्खं गाव अडकलं होतं. सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क (जंगल गावाने मिळून वापरायचा आणि सांभाळायचा हक्क) २००९ मध्ये मिळाला, पण बांबू बाहेर नेऊन विकायचा तर वाहतूक पास कोण देणार, यावर घोडं अडलं. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. ग्रामसभेत बहुमत चालत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत बसायचं. आमच्या वर्गाला सहलीची तारीख एकमताने ठरवता आली नव्हती. आमच्या अभ्यासक्रमात माणसांना जागा फार कमी आहे, हे मला त्या दिवशी जाणवलं. झाडाचा घेर मिलिमीटरपर्यंत मोजायला शिकवतात, पण ते झाड कुणाचं, हा प्रश्न 'धोरण आणि कायदे' या एका पेपरात उरकतात.

नोकरीचं विचाराल तर, आत्या अजून "म्हणजे तू गार्ड होणार?" असं विचारते. वनरक्षकाला बारावी पुरते, त्यासाठी ही पदवी नको. वनपरिक्षेत्र अधिकारी व्हायचं तर एमपीएससी, आणि तिथं इंजिनिअरही तुमच्या शेजारी बसलेले असतात. आयएफएसलाही (भारतीय वन सेवेलाही) तेच, वर चालण्याची परीक्षा: चार तासांत मुलांना २५ किलोमीटर, मुलींना १४. आमच्यातले निम्मे आत्तापासून पहाटे मैदानावर पळतात, उरलेले एमबीएचं बघतायत. मी दोन्हीत नाही, मला ग्रामसभांसोबत काम करायचंय. ते घरी अजून सांगितलेलं नाही.

येणार असाल तर घोट्यापर्यंतचे बूट आधी घ्या. मी कॅनव्हासचे घेऊन आले होते. पहिल्या फील्डनंतर मोज्यातून कुसळं वेचण्यात रविवार गेला, आणि तरी एक गोचीड बुधवारी सापडली.