संडास तुंबल्यावर : कामटी, टँकर, दुसरा खड्डा की नवे भांडे?

संडासात बादलीभर पाणी टाकूनही मैला खाली जात नाही किंवा पाणी भांड्यातच वर चढू लागते, तेव्हा गावात सल्ल्यांची उणीव नसते. कोणी ॲसिड ओतायला सांगतो, कोणी तालुक्याच्या ठिकाणाहून मैला उपसणारा टँकर बोलवायला, कोणी सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, दुसरा खड्डा खणायला, तर कोणी सगळे उखडून शहरात असते तशी सीट बसवायला. यातला प्रत्येक उपाय एका ठरावीक बिघाडावर लागू पडतो आणि दुसऱ्या बिघाडावर निव्वळ पैसा खातो. म्हणून कोणता उपाय स्वस्त पडेल हे विचारण्याआधी पाणी नेमके कुठे अडले आहे ते पाहिले पाहिजे.

विदर्भातल्या खेड्यांत साधारणपणे दोन प्रकारची शौचालये आढळतात. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानातून, १२,००० रुपयांच्या प्रोत्साहन अनुदानावर जी बांधली गेली, त्यांत दोन शोषखड्ड्यांची पद्धत अपेक्षित होती : भांडे, त्याखाली पाणी धरून ठेवणारा ट्रॅप, तिथून निघणारी नळी, नळीला दोन फाटे फोडणारे छोटे चेंबर आणि जाळीदार विटांचे दोन खड्डे, ज्यांपैकी एका वेळी एकच चालू ठेवायचा. दुसरा प्रकार सेप्टिक टँकचा, म्हणजे मैला तळाशी साठवून वरचे पाणी नळीने पुढे सोडणाऱ्या बंद टाकीचा. त्याला गावात बहुधा नुसते टाके म्हणतात. या दोहोंत बिघाड वेगळे होतात आणि त्यांचे उपायही वेगळे असतात, हे लक्षात न घेतल्यामुळे खड्ड्याच्या संडासाला टाक्याचा उपाय आणि टाक्याला खड्ड्याचा उपाय सर्रास केला जातो.

दोन खड्ड्यांच्या संडासाची तपासणी सोपी आहे. चेंबरवरची फरशी उचलावी आणि कोणाला तरी भांड्यात पाणी टाकायला सांगावे. भांडे भरलेले आणि चेंबर कोरडे असेल, तर अडथळा ट्रॅपमध्ये किंवा पहिल्या नळीत आहे. चेंबरही काठोकाठ भरले असेल, तर चालू खड्डा भरला आहे, त्याकडे जाणारी नळी तुंबली आहे किंवा भोवतालची जमीन पाणी घेईनाशी झाली आहे. चेंबरमध्ये पाणी मोकळे वाहते आणि तरीही भांड्यात मैला चिकटून राहतो, अशी तक्रार असेल तर दोष तुंबण्याचा नाहीच. तो भांड्याच्या उताराचा, ट्रॅपच्या खोलीचा किंवा कमी पाण्याचा आहे.

अडथळा ट्रॅपमध्ये असेल तर बांबूची लवचीक कामटी आणि ॲसिड या दोघांत निवड करायची असते, आणि माझे मत निःसंशय कामटीच्या बाजूने आहे. कामटीच्या टोकाला चिंधी घट्ट बांधून ती ट्रॅपच्या वळणातून मागे-पुढे करावी, किंवा रबरी पंपाने दाब द्यावा. चेंबर उघडे असल्यास उलट बाजूनेही कामटी घालता येते. लोखंडी सळई वापरू नये, कारण तिच्या एका फटक्याने चिनीमातीचा ट्रॅप तडकतो आणि मग फरशी फोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. घरच्या ट्रॅपमध्ये जे अडकते ते बहुतेक वेळा कापड, सॅनिटरी पॅड किंवा खर्र्याची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची) प्लास्टिकची पन्नी असते, आणि यातले काहीही ॲसिडने विरघळत नाही. ॲसिड एकाच कामाचे आहे : खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात, जिथे पाणी जड आहे तिथे भांड्यावर आणि ट्रॅपच्या आत पांढरा थर साचून वाट अरुंद होते, तो थर ते काढते. पण त्यासाठीही किराणा दुकानातल्या लिंबूसत्वाचे दाट पाणी रात्रभर ठेवून सकाळी ब्रशने घासणे अधिक सुरक्षित ठरते. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकापाठोपाठ एक कधीही टाकू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि लहानशा बंद संडासात तो फुप्फुसांना गंभीर इजा करतो. शिवाय वारंवार ओतलेले ॲसिड खड्ड्यातले किंवा टाक्यातले मैला कुजवणारे जिवाणू मारते, म्हणजे आज मोकळी झालेली वाट पुढच्या तुंबण्याची तयारी करून ठेवते.

खरा निर्णय अवघड होतो तो चेंबर भरलेले आढळल्यावर. तेव्हा समोर टँकर असतो किंवा दुसरा खड्डा.

टँकरचा फायदा उघड आहे : काम एका दिवसात उरकते आणि खणावे काहीच लागत नाही. परंतु शोषखड्डा टँकरने उपसणे हा तात्पुरता दिलासा आहे, कारण उपसलेला मैला ताजा असतो, त्याची खतात रूपांतर होण्याची प्रक्रिया मध्येच तुटते आणि विटांच्या जाळीमागची चिकटलेली माती तशीच राहते. काळ्या जमिनीच्या गावात पावसाळ्यात टँकर घरापर्यंत पोहोचेल याचीही शाश्वती नसते. पाणंद चिखलाने भरली की गाडी रस्त्यावर थांबते आणि पाइप पुरत नाही. उपसलेला मैला ती गाडी कुठे रिकामा करणार, हेही आधी विचारून घ्यावे, कारण तो नाल्यात किंवा कोणाच्या वावराच्या धुऱ्याला टाकला जात असेल, तर आपल्या घरची घाण गावाच्या पाण्यात गेली एवढाच त्याचा अर्थ होतो.

दुसरा खड्डा आधीपासून बांधलेला असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. चेंबरमध्ये चालू फाटा बंद करून रिकामा फाटा उघडायचा आणि भरलेल्या खड्ड्याला किमान दीड वर्ष, शक्यतो दोन वर्षे विसावा द्यायचा. सुमारे एक मीटर व्यासाचा आणि तितकाच खोल खड्डा पाच-सहा माणसांच्या घराला तीन वर्षे किंवा त्याहून अधिक पुरतो, त्यामुळे एक भरेपर्यंत दुसऱ्यातला मैला कोरडा, वासरहित खत झालेला असतो आणि घरचा माणूस तो फावड्याने काढू शकतो. याबद्दल मनात किळस असणे स्वाभाविक आहे. ती दूर व्हावी म्हणूनच फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातल्या वरंगळ जिल्ह्यातील गंगादेवीपल्ली गावात केंद्रीय पेयजल व स्वच्छता मंत्रालयाचे तत्कालीन सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः अशा विसावलेल्या खड्ड्यात उतरून खत काढत होते. मात्र दोन्ही फाटे पहिल्या दिवसापासून उघडे राहिलेले असतील, तर दोन्ही खड्डे एकाच वेळी भरतात आणि या पद्धतीचा सगळा लाभ संपतो. तशा घरी एक खड्डा नाइलाजाने टँकरने उपसून घ्यावा आणि त्यापुढे एकच फाटा चालू ठेवावा.

एकच खड्डा बांधलेल्या घरापुढे मात्र खर्चाचा प्रश्न उभा राहतो. सांदवाडीत जागा असेल तर टँकरला पुन्हा पुन्हा पैसे देण्यापेक्षा ते दुसऱ्या खड्ड्यात घालावेत, असे माझे ठाम मत आहे. दोन खड्ड्यांत किमान एक मीटरचे अंतर ठेवावे, आणि विहीर किंवा बोअर दहा ते पंधरा मीटरपेक्षा जवळ असू नये. यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या काळ्या जमिनीत आणखी एक गोष्ट टाळून चालत नाही. ही जमीन उन्हाळ्यात भेगाळून पाणी सहज घेते, पण पावसाळ्यात फुगते आणि तिची सूक्ष्म छिद्रे मिटतात. म्हणूनच मे महिन्यात उत्तम चालणारा संडास ऑगस्टमध्ये तुंबतो. अशा जमिनीत विटांच्या गोलाकार बांधकामाबाहेर सगळीकडून ३० सेंटिमीटर जाडीचा रेती आणि बारीक गिट्टीचा थर भरावा लागतो, ज्यामुळे पाणी पसरायला जास्त जागा मिळते. मिस्त्री बहुधा हा थर वगळतात, कारण तो जमिनीखाली जातो आणि कोणाला दिसत नाही. त्यामुळे भरणी होताना घरच्या माणसाने तिथे उभे राहणे आवश्यक आहे. काम फेब्रुवारी ते मे या काळात उरकावे आणि चेंबरची फरशी उचलता येईल अशीच ठेवून घ्यावी.

खड्डा आहे त्यापेक्षा दुप्पट खोल करण्याचा मोह अनेकांना होतो, पण खोलीमुळे मैला भूजलाच्या जवळ जातो. गोंदिया, भंडारा भागात, जिथे धानाच्या बांध्यांमुळे आणि तलावांमुळे पावसाळ्यात पाण्याची पातळी वर येते, तिथे उलट खड्डा उथळ ठेवून जोते उंच करणे आणि खड्ड्याभोवती मातीचा भराव देणे हाच मार्ग योग्य आहे. आणि खड्डा नवा असो की जुना, न्हाणीचे आणि कपडे धुण्याचे पाणी त्यात सोडू नये. काळ्या जमिनीतले कितीतरी खड्डे मैल्याने भरलेले नसतात, तर या पाण्यानेच दमलेले असतात. ते वेगळ्या शोषखड्ड्यात किंवा परसातल्या केळीला वळवल्यावर संडास महिनाभरात पुन्हा चालू लागू शकतो. हा उपाय जवळजवळ फुकट आहे, म्हणून टँकरला फोन करण्याआधी तो करून पाहावा.

सेप्टिक टँक असलेल्या घराचा हिशेब निराळा आहे. टाके उघडल्यावर ते पाण्याने भरलेले दिसले की लोक ते भरले असे समजतात, परंतु सेप्टिक टँक बाहेर जाणाऱ्या नळीच्या पातळीपर्यंत नेहमीच भरलेले असते. ती त्याची नेहमीची अवस्था आहे. पाणी त्या नळीच्याही वर उभे असेल, तर दोष पुढच्या शोषखड्ड्यात किंवा नळीत आहे आणि टाके उपसून काही दिवसांतच तीच स्थिती पुन्हा येते. तळाचा गाळ आणि वरची साय यांनी बरीच जागा व्यापली असेल, तेव्हाच उपसा करावा. साधारण दोन-तीन वर्षांनी तो लागतोच. पाणी जाताना भांड्यात गुडगुड आवाज येतो आणि मग सावकाश उतरते, तेव्हा वर गेलेली हवेची नळी पानांनी किंवा पाखरांच्या घरट्याने बंद झाली आहे का तेही पाहावे. उपशासाठी टँकरच बोलवावा. टाक्यात माणूस उतरवू नये. आतल्या हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन वायूंनी माणूस काही क्षणांत कोसळतो, त्याला वाचवायला उतरलेलाही वाचत नाही, आणि हाताने मैला साफ करवून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना असे काम करवून घेणे हा गुन्हा आहे.

खड्डा दगा देतो म्हणून सेप्टिक टँक बांधावे का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. माझ्या मते काळ्या जमिनीच्या गावात ते पाऊल विचारपूर्वकच उचलावे. टाके बांधल्याने जमिनीची अडचण टळत नाही, कारण त्यातून बाहेर पडणारे पाणी शेवटी जमिनीतच मुरवावे लागते; ते उघड्या नालीत सोडणाऱ्याचा खर्च वाचतो, पण त्याची किंमत शेजाऱ्यापाजाऱ्यांची लेकरे मोजतात. बांधकाम महाग, ठरावीक काळाने टँकर अनिवार्य आणि पाणीही जास्त, असे तिन्ही बाजूंनी ते ग्रामीण घराला भारी पडते. कुटुंब मोठे आहे, जागा अपुरी आहे आणि टँकर बाराही महिने दारापर्यंत येतो, अशा घराने मात्र त्याचा विचार करावा.

आता भांड्याचा प्रश्न. ग्रामीण शौचालयासाठी बनवलेले भांडे तीव्र उताराचे, साधारण २५ ते २८ अंशांचे असते आणि त्याच्या ट्रॅपमध्ये अवघे २० मिलिमीटर पाणी उभे राहते, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात ते स्वच्छ होते. शहरी दुकानातून आणलेल्या सीटच्या ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी असते आणि तिला दहा लिटरच्या आसपास पाणी लागते. अशी सीट बसवलेल्या घरी एप्रिल-मे महिन्यात, बोअर आटून हातपंपावर रांगा लागल्यावर, टमरेलभर पाण्याने काहीच वाहत नाही आणि घरच्यांना वाटते की नळी तुंबली. तिथे खरा उपाय कामटीही नाही आणि टँकरही नाही. ट्रॅप आणि भांडे बदलणे हाच आहे. वर फ्लशची टाकी बसवल्याने मैला जाईल हे खरे, पण दर वेळी ओतले जाणारे ते जादा पाणी काळ्या जमिनीतला खड्डा लवकर दमवते. नळीचा उतारही त्याच वेळी तपासून घ्यावा. पंधरा फूट लांबीला किमान एक फूट उतार नसेल तर उत्तम भांडेसुद्धा तुंबते.

घरात गुडघेदुखीचे वयस्क असतील आणि केवळ त्यांच्यासाठी कमोड बसवण्याचा विचार असेल, तर तीन-सहा लिटरचा दुहेरी फ्लश असलेला घ्यावा आणि वर्षभर टाकीत पाणी राहील याची खात्री असेल तरच घ्यावा. ती खात्री नसल्यास आहे त्याच ग्रामीण भांड्यावर मांडायचा लोखंडी किंवा प्लास्टिकचा कमोड-स्टूल आणि भिंतीला धरायला एक घट्ट बसवलेला दांडा पुरेसा होतो. त्यात भांडे तेच राहते आणि पाणीही तेवढेच लागते.